मिठाच्या पापुद्र्यावर उतरताना

आमच्या गावात बर्फ म्हणजे मासळीचा. रत्नागिरीहून लाद्या यायच्या, गोणपाटात गुंडाळलेल्या, लाकडाच्या भुशाने माखलेल्या. बंदरावर त्या फोडायच्या आणि सुरमईच्या टोपल्यांत भरायच्या. बर्फाशी माझी ओळख एवढीच. त्यामुळे कतारच्या वाळवंटात आमच्या कॅम्पवर आलेला पायलट पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाला, की मी बरीच वर्षं बर्फावर हेलिकॉप्टर उतरवत होतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक थोरली लादी आली आणि तिच्यावरून घसरत चाललेलं यंत्र.

मी ते मामूंना सांगितलं. मामू म्हणजे कॅम्पचे आचारी. कुलाबा जिल्ह्यातले, आता ज्याला रायगड म्हणतात तिथले. नात्याने माझे कुणी नव्हेत, पण परमुलखात आपली भाषा बोलणारा वडीलधारा माणूस आपोआप मामू होतो. तव्यावरची रोटी उलटत ते म्हणाले, "लादीवर? मग आपटत नाय काय तो?"

मी तो प्रश्न इंग्रजीत करून पायलटला विचारला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग उठून त्याने मामूंच्या डब्यातला ओंजळभर मैदा घेतला, टेबलावर पसरला आणि म्हणाला, "लादी नाही. हे असं. आभाळातून पडतं, गुडघाभर, कधी कमरेएवढं. आता हा माझा हात म्हणजे हेलिकॉप्टर." त्याने तळवा आडवा धरून हळूहळू खाली आणला आणि एकदम जोरात फुंकर मारली. सगळा मैदा माझ्या तोंडावर.

"काय दिसतंय?"

"काही नाही," मी डोळे चोळत म्हणालो.

"मलाही दिसत नाही. आणि मला अजून चार हात खाली उतरायचं असतं."

मामूंनी मैद्याचा डबा उचलून आत नेला. पण त्या संध्याकाळी त्यांनी त्याला दोन रोट्या जास्त वाढल्या, हे मी पाहिलं.

ही गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांतली. मी त्याआधी काही वर्षं मुंबईहून बोटीने कतारला आलो होतो. आधी बंदरावर माल उतरवून घेणारा कारकून होतो, मग तेल शोधणाऱ्या एका सर्वे पार्टीत स्टोअरकीपर झालो. आमचा कॅम्प दोह्यापासून बराच दूर, दक्षिणेकडे. दहा-बारा तंबू, एक पाण्याची टाकी, एक वायरलेसचा डबा आणि माझं पत्र्याचं स्टोअर. कॅम्पात कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे, कामाच्या नावाने मारी. मी 'स्टोअर'. मामू 'किचन'. पायलट आला तो दुसऱ्या दिवसापासून 'कॅप्टन' झाला. उत्तरेकडच्या कुठल्याशा डोंगराळ, थंड देशातला होता. उंच, वाकलेला, कानांवर केस पांढरे होऊ लागलेला. हेलिकॉप्टरही त्याच्यासारखंच किडकिडीत होतं. पुढे काचेचा मोठा फुगा, मागे लोखंडी सळयांची शेपटी, आणि खाली चाकांच्या जागी दोन लांब नळ्या. तो त्यांना स्किड म्हणायचा. त्या नळ्यांवरच ते जमिनीवर बसायचं.

त्याने आल्या आल्या कॅम्प बॉसकडे एक माणूस मागितला. इंजिनाचं काही येत नसलं तरी चालेल, म्हणाला, फक्त सांगितलेल्या जागी न हलता बसता आलं पाहिजे. बॉसने माझ्याकडे बोट दाखवलं. सकाळी माल वाटून झाला की दुपारपर्यंत मला बसायचंच काम असतं, असा त्याचा समज होता.

काम असं. हेलिकॉप्टर जिथे उतरायचं तिथे मी गाडीने आधी जायचं, वाऱ्याकडे पाठ करून जमिनीवर उकिडवं बसायचं आणि कॅप्टनने मला बघत बघत माझ्यासमोर उतरायचं. जवळ आल्यावर पंख्याच्या वाऱ्याने वाळू उठायची आणि सगळं पिवळं धुकं व्हायचं. त्या धुक्यात त्याला जमीन दिसत नसे, पण दहा हातांवर बसलेला मी दिसायचो. "बर्फात आम्ही अशीच माणसं बसवतो," तो म्हणाला. "दगड असला तरी चालतो, पण दगड केवढा आहे ते वरून कळत नाही. माणूस केवढा असतो ते मला ठाऊक आहे."

"आणि मी हललो तर?"

"तर मला वाटेल मीच हलतोय. मग मी ते सावरायला जाईन. आणि आपण दोघंही वाईट ठिकाणी जाऊ."

पहिल्यांदा बसलो तेव्हा मी मनातल्या मनात कुराणातल्या येतील तेवढ्या आयती म्हणून घेतल्या. आवाज असा की छातीच्या फासळ्या वाजत होत्या. वाळू कानांत, नाकात, दातांत. पण हललो नाही. उतरल्यावर त्याने माझी पाठ थोपटली, मग खिशातून रुमाल काढून दिला आणि कान पुसायला सांगितलं. मी गावी बायकोला पत्र लिहिलं, की मला नवीन काम मिळालंय, हेलिकॉप्टर उतरताना त्याच्यासमोर बसायचं. महिन्याभराने तिचं उत्तर आलं: "नुसतं बसायचंच होतं तर एवढ्या लांब कशाला गेलात? इथेही जागा होती." ते वाक्य मी कॅप्टनला इंग्रजीत सांगितलं, तर तो दिवसभर येता जाता हसत होता.

त्याच्याबरोबर काम करता करता मला बर्फाचं पुष्कळ कळू लागलं. बर्फावर वरून कवच धरतं, ते कधी माणसाला पेलतं, कधी नाही. एक स्किड कवच फोडून आत गेला आणि दुसरा वरच राहिला की हेलिकॉप्टर कलतं, आणि एका हद्दीपलीकडे कललं की ते परत आणता येत नाही, पंखा जमिनीला लागतो. म्हणून तो जमिनीला टेकल्यावरही सगळं वजन लगेच टाकत नसे. इंजिनाचा जोर तसाच ठेवून, अंड्यांवर बसावं तसा थोडा थोडा बसायचा, जरा डोलवून बघायचा, आणि मगच सैल सोडायचा. वाळूवरही त्याने ही सवय मोडली नाही. आमच्या लोकांना त्याने एक नियम घालून दिला होता: मागून कधीच यायचं नाही. शेपटीचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही, आणि तो दिसला नाही म्हणून त्याचा एक जुना सोबती बर्फात गेला. हे सांगताना त्याने नेहमीसारखा हात हलवून दाखवला नाही. नुसतं सांगितलं.

आता शायबविषयी सांगायला हवं. इकडे म्हाताऱ्याला शायब म्हणतात. आमच्या पार्टीचे वाटाडे होते ते, पातळ पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, आणि वाळूतल्या चाकोऱ्या बघून कोण कधी गेलं ते सांगणारे. तरुणपणी मोत्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर बोटीने मुंबईला जाऊन आलेले. त्यामुळे त्यांना एक मोडकंतोडकं हिंदी येत होतं, आणि मला तेवढंच मोडकंतोडकं अरबी. दोन्ही जोडून आमचं छान चालायचं. रोज सकाळी ते माझ्या स्टोअरच्या दारात बसून कॉफी प्यायचे आणि मला विचारायचे, "बंबई में अभी भी उतना ही लोग?" मी म्हणायचो, "त्याहून जास्त." ते मान हलवायचे, जणू ही चूक माझीच होती.

त्या हिवाळ्यात तीन दिवस पाऊस झाला. आपल्या पावसापुढे तो काहीच नव्हे, पण तिथल्या जमिनीला तेवढाही पचत नाही. दक्षिणेला समुद्राजवळ मैलोगणती सपाट, पांढऱ्या मिठाची जमीन आहे. तिला सबखा म्हणतात. उन्हाळ्यात तिच्यावरून ट्रक जातो. पावसानंतर वरचा मिठाचा थर तसाच पांढराशुभ्र दिसतो आणि खाली लापशी झालेली असते. पार्टीत एक तरुण सर्वेअर नवा आला होता. पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो शायबना घेऊन निघाला आणि वेळ वाचवायला सबख्यावरून गाडी घालू लागला. शायबनी नको म्हटलं, हातांनीही नको केलं. त्याने दोन्ही ऐकलं नाही.

नऊच्या सुमारास वायरलेसवर त्याचा आवाज आला. गाडी आसापर्यंत रुतली होती. जॅक लावून उचलताना जॅकच चिखलात गेला आणि गाडी शायबच्या हातावर बसली. हात बाहेर काढला होता, पण फार वाईट चिरडला होता. रक्त थांबत नव्हतं. दुसरी गाडी पाठवावी तर तीही रुतणार, आणि लांबच्या वाटेने जायला संध्याकाळ.

कॅप्टन तंबूतून बाहेर आला आणि त्याने आधी वर पाहिलं. पाऊस गेला होता पण ढग तसेच होते, दुधासारखे, एका रंगाचे. सूर्य कुठे आहे तेही कळत नव्हतं.

"खाली मीठ पांढरं, वर ढग पांढरे," तो म्हणाला. "सावली नाही. सावली नसली की जमीन आपल्यापासून दहा हात आहे की शंभर हात, ते डोळ्याला कळत नाही. वाळूला निदान रंग असतो. स्टोअर, आज माझा बर्फच आहे हा. आणि तिकडे जाऊन बसायला तू आधी पोचू शकत नाहीस."

"मग?"

"आमच्याकडे अशा वेळी वरून झाडाच्या फांद्या टाकतात. काळ्या दिसतात बर्फावर."

आमच्याकडे झाड नव्हतं. मी धावत स्टोअरमधून काळी ताडपत्री आणली. तो ओरडलाच, "कापड नको! पंख्याच्या वाऱ्यात उडालं आणि वर ओढलं गेलं तर संपलंच. जड पाहिजे. काळं आणि जड."

काळं आणि जड म्हटल्यावर मला मामूंच्या तंबूमागची कोळशाची पोती आठवली. मी तिकडे गेलो आणि एक पोतं उचलू लागलो, तर मामू पळी घेऊनच बाहेर आले. "ए! तो कोळसा पुढच्या गाडीपर्यंत पुरवायचाय. बॉसला कच्चं खायला घालू काय?"

"मामू, शायबचा हात गेलाय. त्यांना आणायला पाहिजे."

मामूंनी पळी खाली टाकली. एक पोतं मी घेतलं, दुसरं त्या साठीच्या माणसाने पाठीवर घेतलं आणि मामू माझ्या पुढे चालू लागले. हेलिकॉप्टरशी पोचल्यावर धापा टाकत म्हणाले, "अजून एक हाय. आणू?" कॅप्टनने बोटाने नको केलं, वजन जास्त होईल म्हणून. मी खोक्यांच्या चार जाड फळ्या घेतल्या. त्या कशाला, असं त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला स्वतःलाच तेव्हा नीट माहीत नव्हतं. मामूंनी एक पुडकं माझ्या मांडीवर टाकलं आणि शेपटीकडे न वळता, बाजूने, नियमाप्रमाणे निघून गेले.

हेलिकॉप्टरात मी पूर्वी बसलो होतो, पण दार काढून कधीच नाही. माझ्या पायांशी कोळसा, मांडीवर फळ्या, कमरेला पट्टा, आणि उजव्या हाताला नुसतं आभाळ. थोड्या वेळाने खालची वाळू संपली आणि पांढरं सुरू झालं. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. क्षितिजच नव्हतं. वाटीत ठेवल्यासारखे आम्ही मध्ये लोंबकळत होतो, पुढे जातोय की थांबलोय तेही कळेना. कॅप्टन सारखा उंची-वेग दाखवणाऱ्या घड्याळांच्या पाटीकडे बघत होता, काचेबाहेर जवळजवळ नाहीच.

मग गाडी दिसली. एखाद्या ताटात माशी पडावी तशी. शेजारी दोन ठिपके, एक उभा, एक बसलेला.

गाडीपासून थोड्या अंतरावर एक गुळगुळीत जागा होती, आरशासारखी सपाट. कॅप्टन तिकडे वळला. मला ती जागा बघताक्षणी आवडली नाही. आमच्या गावाला खाडी आहे आणि खाडीकाठी खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी जमीन. माझी आत्या तिथे कालवं काढायला जायची, आणि मी तिच्या मागे. जिथे चिखल गुळगुळीत आणि देखणा दिसतो तिथे पाय टाकायचा नाही, हे तिने मला बोलायला शिकवण्याच्या वयात शिकवलं होतं. मी कॅप्टनला ओरडून सांगितलं, "तिथे नको, ते मऊ आहे!"

"बघतो टेकवून," तो म्हणाला. "मऊ असेल तर वर येऊ."

तो टेकला. अंड्यांवर बसल्यासारखा. एक क्षण सगळं ठीक वाटलं आणि मग माझ्या बाजूचा स्किड पापड मोडावा तसा आत गेला. हेलिकॉप्टर माझ्याकडे कललं. पंख्याची कड माझ्या बाजूने मिठाकडे खाली येताना मी पाहिली, आणि मला गावचं घर किंवा मुलं काहीच आठवलं नाही, नुसतं वाटलं की आता हे एवढंच. त्याच वेळी इंजिन किंचाळलं, खालून चिखलाने सोडल्याचा 'चप' असा आवाज आला आणि आम्ही वर होतो.

थंडीतही कॅप्टनच्या कपाळावर घाम होता. आम्ही गाडीभोवती एक मोठा फेरा घेतला. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला कसं कळलं?"

मी आत्याचं सांगितलं. खाजणाचं सांगितलं. एवढ्या आवाजात ओरडून ओरडून.

"बरं," तो म्हणाला. "तुझी आत्या इथे असती तर कुठे उभी राहिली असती?"

मी खाली पाहू लागलो. गाडीपासून दोनएकशे पावलांवर जमीन जरा मळकट होती, आणि तिथे खुरटी खारी झुडपं होती, गुडघ्याएवढी, विरळ. झुडूप असेल तिथे मुळं असतात, आणि मुळं असतील तिथे पाय टेकतो. मी बोट दाखवलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "आता काळं टाक. एक ढीग पुढे, दोन बाजूंना."

पट्ट्याला लोंबकळत, अर्धा बाहेर झुकून मी कोळसा ओतला. खाली पांढऱ्यावर काळे डाग फुटले. कॅप्टनने पहिल्यांदाच सुटकेचा श्वास सोडला. "आली," तो म्हणाला, "जमीन आली." त्या तीन डागांकडे बघत बघत तो खाली गेला. वाऱ्याने सुकलेल्या मिठाचे पापुद्रे उठले आणि आमच्याभोवती सगळं पांढरं झालं, पण त्या पांढऱ्यात पुढचा काळा ढीग शेवटपर्यंत दिसत राहिला. टेकलो. डोललो. राहिलो.

इंजिन चालू ठेवूनच त्याने मला उतरायची खूण केली. मी आधी टाचेने जमीन दाबून पाहिली, मग पुढून वाकून गेलो आणि दोन्ही स्किडखाली पुढे-मागे फळ्या टाचेने ठोकून सरकवल्या. आत्याही एक फळी जवळ बाळगायची, पाय जाऊ लागला की तिच्यावर उभी राहायला. ते फळ्या घालताना मला उमगलं.

सर्वेअर शायबना धरून आणत होता. शायबनी आपल्या डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं होतं आणि ते सगळं लाल झालं होतं. उघड्या डोक्याने मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. एकदम लहान वाटले. चेहरा राखेसारखा, पण हेलिकॉप्टरजवळ आल्यावर थांबले, नीट निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "इस का दरवाजा किधर?"

"काढून ठेवलाय, शायब. वजन कमी करायला."

"दरवाजा बिना घर नहीं," असं काहीसं पुटपुटत ते चढले. मी त्यांचा पट्टा बांधला.

टाकी भरलेली होती, जमीन अशी. शायबखेरीज अजून कुणाला नेणं कॅप्टनला धोक्याचं वाटत होतं. तो मला ओरडून म्हणाला, "त्यांना दोह्याच्या इस्पितळात पोचवतो आणि उजेड असेतो परत येतो. मी आलो की तू त्या कोळशावर बस. आणि काहीही झालं तरी..."

"हलणार नाही," मी म्हणालो.

ते गेल्यावर इतकी शांतता झाली की कान दुखले. मी आणि तो तरुण सर्वेअर, बाकी मीठ. तो पुष्कळ वेळ गाडीच्या बॉनेटवर बसून राहिला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "त्यांनी मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं." त्याचे डोळे भरले होते. चोवीस-पंचवीसचा पोर. मी मामूंचं पुडकं उघडलं. आत रोट्या, अंड्याची पोळी आणि कागदात बांधलेली सुक्या जवळ्याची चटणी. त्याने चटणी जरा जास्तच घेतली आणि मग डोळ्यांतून पाणी यायला त्याला निमित्त झालं.

दुपारनंतर कॅप्टनचा आवाज आला. उजेड सकाळपेक्षाही वाईट होता, दुधावर साय धरावी तसा. मी कोळशाच्या ढिगावर उकिडवा बसलो. तो दोनदा डोक्यावरून गेला, मग समोर आला आणि उतरू लागला. मीठ उठलं. पापुद्रे माझ्या केसांत, भुवयांवर, ओठांवर पडू लागले, हलके, कसलाही आवाज न करता. जग नाहीसं झालं. मग त्या पांढऱ्यातून काचेचा फुगा आला, इतका जवळ की आतला त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसला. तो घड्याळांकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. पापणीही न लववता, आई पाळण्यातल्या पोराकडे बघते तसा. इतके महिने मी त्याच्यासमोर बसत होतो, पण वाळूच्या पिवळ्या धुराळ्यात मी नेहमी डोळे मिटून घ्यायचो. तो मला असं बघतो हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी कधी डोळे मिटले नाहीत.

टेकल्यावर त्याने हाक मारली, "हलला नाहीस."

"पाय बधिर झालेत, हलणार कसा?"

तो हसला आणि माझ्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आता पाहिलास तू बर्फ. थंडी कमी आहे आणि चव वाईट आहे, एवढाच फरक."

पेट्रोल अर्धं जळलं होतं, त्यामुळे आम्हा दोघांना घेऊन तो उठला. गाडी तिथेच राहिली. आठवड्याभराने जमीन सुकल्यावर तिला तारेने ओढून काढली.

शायबची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. हात मात्र वाचला. शुक्रवारी मामू आणि मी इस्पितळात गेलो तर ते गादीवर मांडी घालून बसले होते आणि इथलं जेवण अळणी आहे म्हणून नर्सशी भांडत होते. आम्हाला बघून खूष झाले. मामूंनी डबा नेला होताच. कॅप्टनही आला. मग त्या दिवशीच्या उड्डाणाची हकिगत दोघांनी दोन बाजूंनी सांगितली आणि मी मधे बसून इकडचं तिकडे करत राहिलो. झालं होतं असं, की शायबनी वाटेत सबंध वेळ चांगल्या हाताने कॅप्टनला रस्ता दाखवला होता. इकडून, आता तिकडून, ती टेकडी डावीकडे टाक. हवेत रस्ता नसतो हे त्यांना मान्यच नव्हतं.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी कॅप्टनला विचारलं.

"ते सांगतील तसं गेलो. चाळीस वर्षं ह्या जमिनीवर चाललेला माणूस शेजारी बसलाय, आणि मी होकायंत्र बघू?"

मी हे अरबीत सांगितलं. शायबनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, "अच्छा ड्रायवर है."

तो सर्वेअर रोज इस्पितळात जायचा, असं नर्सनेच सांगितलं. काही बोलायचा नाही, कारण भाषाच नव्हती. फळं ठेवायचा आणि खुर्चीवर बसायचा. शायब कॅम्पवर परत आल्यावर तो त्यांना विचारल्याशिवाय तंबूची खुंटीही ठोकत नसे. शायबनी त्याला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त एकदा, तो गाडीत बसत असताना, त्यांनी आपला तीन बोटांचा पंजा खिडकीवर ठेवला, हसले आणि "यल्ला" म्हणाले, म्हणजे चला.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कॅप्टनचा करार संपला. त्याला घरी जायचं होतं, पुन्हा त्याच्या डोंगरांत, तिथे माणसं आणि सामान पोचवायला. निघायच्या दिवशी उन्हाने पत्र्याला हात लावता येत नव्हता. कॅम्पचा ट्रक त्याला दोह्याच्या विमानतळावर नेणार होता. मामूंनी त्याला जवळ्याच्या चटणीची बाटली दिली आणि ती कशी खायची ते मराठीतच समजावून सांगितलं. मी काय द्यावं ते मला सुचलं नाही, म्हणून नुसता हात धरून उभा राहिलो.

तेवढ्यात शायब आले. खांद्यावर एक गाठोडं. ते सोडलं तर आत इकडचे लोक हिवाळ्यात घालतात तो मेंढीच्या कातड्याचा लांब कोट, आतून दाट लोकर, बाहेरून तपकिरी कापड, घोट्यापर्यंत येणारा. नवा कोरा. त्यांच्या सुनेने काठाला नक्षी भरली होती. शायब मला म्हणाले, "इस को बोलो, उधर बहुत सर्दी. हम सुना."

मी सांगितलं. कॅप्टनने कोट दोन्ही हातांनी घेतला. काही वेळ काठाच्या नक्षीवर अंगठा फिरवत राहिला. मग, त्या भर दुपारी, सगळे बघत असताना, त्याने तो कोट अंगात घातला, बटणं लावली आणि शायबना मिठी मारली. घामाच्या धारा त्याच्या मानेवरून ओघळत होत्या. मामू माझ्या कानाशी म्हणाले, "अरे, सांग त्याला काढायला, मरेल तो!" पण मी सांगितलं नाही.

ट्रक निघाला. पुढच्या सीटवर तो तसाच बसला होता, लोकरीत बुडालेला, तोंड लालबुंद, एक हात खिडकीबाहेर. टेकाडाआड जाईपर्यंत त्याने कोट काढला नाही. शायब कपाळावर हात धरून बघत राहिले.

पुढे वाटेत काढला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. संध्याकाळी ड्रायव्हर परत आला तेव्हा मामूंनी त्याला पहिला प्रश्न तोच विचारला.

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. "विमानाच्या शिडीपर्यंत घालूनच होता."